ही रेघ कोणी ओढली?

सायटोस्केप या जाळी रेखाटणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली, लेआउटचं बटण दाबलं आणि लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला. बऱ्याच वेळाने पडद्यावर एक करडा गोळा उमटला. जवळजवळ चार हजार ठिपके आणि त्यांच्यामध्ये इतक्या रेघा, की त्यातली एकही वेगळी दिसेना. या क्षेत्रात अशा चित्राला हेअरबॉल म्हणतात. आपल्याकडे गुंतवळ हा शब्द आहेच. फणीतलं गुंतवळ कोणी सोडवत बसत नाही, गोळा करून टाकून देतात. मी मात्र त्यानंतरची दोन वर्षं एकेक रेघ धरून ती आली कुठून, हे बघण्यात घालवली.

ठिपके म्हणजे क्षयाच्या जंतूची प्रथिनं, आणि रेघ म्हणजे त्यांतल्या दोघांमधलं नातं. जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जाणारा एच३७आरव्ही हा त्याचा वाण. त्याचा संपूर्ण जनुकसंच १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला: डीएनएची ४४ लाख अक्षरं, चार हजारांच्या आसपास जनुकं. पण जनुकांची यादी म्हणजे गावातल्या माणसांची नुसती मतदारयादी. कोणाचं कोणाशी जमतं, कोण कोणाच्या दारात जातं, ते यादीवरून कळत नाही. ईसॅट-६ हे या जंतूचं ९५ अमिनो आम्लांचं (म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या मण्यांचं) चिमुकलं प्रथिन घ्या. ते सीएफपी-१० या १०० अमिनो आम्लांच्या जोडीदाराला बिलगून असतं, आणि ही जोडी ईएसएक्स-१ नावाच्या यंत्रणेतून पेशीबाहेर पडते. बीसीजी लशीतल्या जंतूने या दोघांची जनुकं असलेला डीएनएचा तुकडाच गमावलेला आहे, आणि त्याचा सौम्यपणा बऱ्याच अंशी त्यातून आलेला आहे. दोन प्रथिनांनी एकमेकांना धरणं, एवढ्या एका गोष्टीवर किती अवलंबून असतं बघा.

पीएचडीसाठी हा विषय मी मागून घेतला. कारण घरचं होतं. माझे काका इचलकरंजीत मागावर काम करायचे. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असताना त्यांचा खोकला तीन आठवडे हटला नाही, वजन उतरलं, आणि थुंकीत क्षयाचे जंतू सापडले. पुढे सहा महिने गोळ्या. रिफाम्पिसिनने लघवी केशरी झाली तेव्हा काकू रक्त पडतंय समजून रडायला लागली होती. औषध कोणतं चालेल हे ठरवण्यासाठी एलपीए नावाची चाचणी केली होती, तिचा रिपोर्ट आणायला मी गेले होते. एका पट्टीवर तीन जनुकांची नावं: आरपीओबी, केएटीजी, आयएनएचए. पहिल्यात बदल झालेला असेल तर रिफाम्पिसिनला जंतू दाद देत नाही, उरलेल्या दोहोंत असेल तर आयसोनियाझिडला. तिन्ही ठीक होती. काका बरे झाले. तो कागद अजून माझ्याकडे आहे, आणि त्याचा पुढे या कामात मला उपयोग झाला. तो कसा, ते सांगतेच.

डेटा घेतला प्रथिनांमधल्या नात्यांची नोंद ठेवणाऱ्या स्ट्रिंग या डेटाबेसमधून. तिथे जंतूचा क्रमांक टाकायचा आणि फाइल उतरवून घ्यायची. तीन रकाने: पहिलं प्रथिन, दुसरं प्रथिन, आणि ० ते १००० मधला एक आकडा, म्हणजे या नात्याबद्दलची खात्री. ४०० म्हणजे मध्यम, ७०० म्हणजे चांगली, ९०० म्हणजे भक्कम. मी ४०० वर चाळण लावली होती, म्हणून ते गुंतवळ. ७०० वर नेली तेव्हा गोळ्यातून आकार सुटे होऊ लागले. फार आनंद झाला होता त्या दिवशी.

मग नेहमीची वाट धरली. कोणत्या ठिपक्याला सगळ्यात जास्त रेघा आहेत ते मोजायचं. अशा ठिपक्याला हब म्हणतात. २००१ मध्ये यीस्टच्या १,८७० प्रथिनांवर झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात असं दिसलं होतं, की जास्त रेघा असलेली प्रथिनं काढून टाकली तर पेशी मरण्याची शक्यता जास्त. त्यावर नंतर पुष्कळ वाद झाले, पण त्या धाग्याला धरून शेकडो लोकांनी आपापल्या जंतूचे हब शोधले आणि 'हे पाहा औषधाचं नवं लक्ष्य' असं लिहिलं. मीही माझे पहिले वीस हब काढले. त्यातले बहुतेक रायबोसोमचे भाग निघाले.

ही यादी चूक नव्हती. रायबोसोम म्हणजे प्रथिनं बनवणारा कारखाना, त्याचे पन्नासेक भाग एकमेकांत घट्ट बसलेले असतात, त्यामुळे त्यांच्यात रेघा असणारच. पण रायबोसोमवर स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयाचं औषध १९४० च्या दशकापासून मारा करतंय. हे शोधायला जाळं कशाला हवं होतं? माझ्या गाइड मॅडमनी यादी पाहिली, पेन्सिलीने रायबोसोमची सगळी नावं खोडली आणि म्हणाल्या, "आता उरलेल्यांपैकी एक रेघ मला समजावून सांग. एकच. पण पूर्ण."

मी आरपीओबी निवडलं, कारण ते नाव ओळखीचं होतं. त्याच्या रेघा बघत गेले तर एक रेघ केएटीजीकडे जात होती. आरपीओबी हा आरएनए बनवणाऱ्या यंत्राचा भाग. केएटीजी हे पेरॉक्साइडचा निकाल लावणारं एन्झाइम. ही दोघं एकमेकांना कशाला धरतील? रेघेवर क्लिक केलं. पुरावा कुठून आला ते स्ट्रिंग सात वेगवेगळ्या रकान्यांत दाखवतं: जनुकं अनेक जंतूंत शेजारी शेजारी आहेत का, कुठे दोन जनुकं जुळून एक झाली आहेत का, ती एकत्र आढळतात का, एकाच वेळी चालू-बंद होतात का, प्रयोगात धरलेली दिसली का, जाणकारांनी तयार केलेल्या संग्रहांत नोंद आहे का, आणि शोधनिबंधांच्या मजकुरात दोघांची नावं सोबत येतात का. या रेघेचा जवळजवळ सगळा भार शेवटच्या रकान्यावर होता. मजकूर.

आणि मला काकांच्या रिपोर्टची पट्टी दिसली. आरपीओबी, केएटीजी, आयएनएचए, एकाखाली एक. क्षयाच्या औषधांना दाद न देणाऱ्या जंतूवर ज्याने ज्याने म्हणून निबंध लिहिला, त्याने ही नावं एका दमात लिहिली. मुंबईतल्या रुग्णांबद्दल असो, नाहीतर दक्षिण आफ्रिकेतल्या. हजारो निबंध वाचणाऱ्या संगणकाला ही नावं सतत सोबत दिसली आणि त्याने रेघ ओढली. ती रेघ जंतूने ओढलेली नव्हती. ती डॉक्टरांनी आणि आम्हा संशोधकांनी ओढलेली होती. जंतूच्या आत ही दोन प्रथिनं एकमेकांना ओळखतही नसतील.

यात स्ट्रिंगचा काडीचाही दोष नाही. ते पहिल्याच पानावर सांगतात, की ही नाती कार्याची आहेत, प्रत्येक वेळी प्रत्यक्ष स्पर्शाची नाहीत. फक्त स्पर्शाच्या नात्यांचं वेगळं जाळंही ते देतात. मी ते वाचलं होतं आणि तरीही चित्रात रेघ दिसली की मनात 'धरलंय' असंच उमटत होतं. चित्राचा हा धोका मोठा आहे. प्रयोगातून आलेली रेघ आणि मजकुरातून आलेली रेघ, दोन्ही सारख्याच जाडीच्या दिसतात.

त्या रात्री मी जुनी फाइल पुन्हा उघडली, आणि आणखी एक गोष्ट दिसली जी चार महिने दिसली नव्हती. प्रत्येक जोडी तिथे दोनदा लिहिलेली असते, अ-ब आणि पुन्हा ब-अ. माझ्या स्क्रिप्टने दोन्ही मोजल्या होत्या. हबचा क्रम त्याने बदलत नाही, म्हणून लक्षात आलं नव्हतं. पण जाळ्याची घनता आणि त्यावर बेतलेला सगळा हिशेब वाया गेला. तो पुन्हा करण्यात दिवाळीची सुट्टी गेली.

पुढचं काम मी वहीत केलं. साधी दोनशे पानी वही, पट्टीने आखलेले रकाने. डावीकडे जोडी, मग सात पुराव्यांचे सात रकाने, आणि शेवटी एक रुंद रकाना: 'ही रेघ कोणी ओढली?' मजकुराचा पुरावा मी बाजूला ठेवला. जाळं एकदम विरळ झालं आणि पहिल्यांदाच वाचता येण्याजोगं झालं. जे उरलं त्यातलं पुष्कळसं शेजाराच्या पुराव्यावर उभं होतं. जंतूंमध्ये एका कामाची जनुकं बऱ्याचदा डीएनएवर ओळीने बसलेली असतात. शेकडो जातींच्या जंतूंत तोच शेजार टिकून राहिला असेल, तर त्या शेजाराला काही अर्थ असतो. हा पुरावा मला आवडतो, कारण तो माणसाने कशावर निबंध लिहिले यावर अवलंबून नाही.

उरलेलं जाळं खरंच काही सांगतंय की योगायोग आहे, हे तपासण्याची रीत सोपी आणि सुंदर आहे. प्रत्येक ठिपक्याच्या रेघांची संख्या तेवढीच ठेवायची, पण रेघांची टोकं आपसात बदलत राहायची. असं हजार वेळा करून हजार खोटी जाळी तयार करायची. माझ्या जाळ्यात दिसणारे घट्ट पुंजके खोट्या जाळ्यांतही तितकेच दिसले, तर त्या पुंजक्यांना काही अर्थ नाही. मला सापडलेले निम्म्याहून जास्त पुंजके यात गळाले. वाईट वाटलं, पण जे उरले त्यांच्याबद्दल बोलताना आवाज स्थिर राहायला लागला.

एक हिशेब मात्र डोक्यात रुतून बसला. स्ट्रिंग वेगवेगळे पुरावे एकत्र करतं ते साधारण असं: एका पुराव्याची खात्री ०.५, दुसऱ्याचीही ०.५, तर दोघंही चुकण्याची शक्यता ०.५ गुणिले ०.५, म्हणजे ०.२५, म्हणून एकत्र खात्री ०.७५. (आधी योगायोगाचा एक छोटा वाटा वजा करतात, पण गाभा हाच.) हे तेव्हाच बरोबर, जेव्हा दोन्ही साक्षीदार एकमेकांना न विचारता बोलत असतील. दोघांनीही एकाच माणसाकडून ऐकलेलं असेल, तर साक्षीदार दोन नाहीत, एकच.

मग रचनांकडे वळले. रेघ म्हणजे स्पर्श असेल, तर स्पर्शाची जागा दिसली पाहिजे. कोणती घडी कोणत्या खाचेत बसते, ते. काही वर्षांपूर्वीपर्यंत हे माझ्यासारखीच्या आवाक्यात नव्हतं. प्रथिनाची रचना शोधायची म्हणजे स्फटिक बनवा, क्ष-किरण सोडा, वर्षं घालवा. अमिनो आम्लांच्या क्रमावरून रचनेचा अंदाज बांधणाऱ्या अल्फाफोल्ड २ या प्रोग्रामने २०२० च्या शेवटी कॅस्प या त्याच कामाच्या स्पर्धेत बाजी मारली, पुढच्या वर्षी त्याचा कोड खुला झाला, मग दोन प्रथिनं एकत्र बसवणारी मल्टिमर आवृत्ती आली, आणि कोलॅबफोल्डमुळे ते सगळं ब्राउझरमधून चालवता यायला लागलं. २०२४ मध्ये अल्फाफोल्ड घडवणारे डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना, डेव्हिड बेकर यांच्यासोबत, रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. त्या दिवशी आम्ही लॅबमध्ये पेढे वाटले होते. रोज ज्याच्यावर काम करतो, त्याचं कौतुक झालं होतं.

कोलॅबफोल्डला एक जोडी द्यायची आणि वाट बघायची. पाच मॉडेल येतात. त्यांच्यासोबत आयपीटीएम नावाचा ० ते १ मधला आकडा येतो, दोन प्रथिनं एकमेकांजवळ कशी बसली आहेत त्याबद्दलचा. ०.८ च्या वर असेल तर विश्वास ठेवायला जागा आहे, ०.६ च्या खाली असेल तर बहुधा जमलेलं नाही, मधला पट्टा धूसर. शिवाय एक चौकोनी नकाशा येतो, चार घरांचा. कर्णावरची दोन घरं म्हणजे प्रत्येक प्रथिन आपल्यापुरतं. खरं बघायचं ते बाकीच्या दोन घरांत. तिथे गडद निळं असेल, तर एकाचं स्थान दुसऱ्याच्या संदर्भात पक्कं. तिथे फिकट असेल, तर दोघं नुसते शेजारी उभे आहेत, चित्रात कितीही चिकटलेले दिसोत. मी आता चित्र आधी बघतच नाही. आधी नकाशा, मग आकडा, मग घड्यांचे कोन रामचंद्रन आलेखावर, आणि शेवटी चित्र. जी. एन. रामचंद्रन यांनी मद्रासमध्ये १९६३ मध्ये मांडलेला तो आलेख आजही कोणतीही रचना तपासताना आधी उघडतात. दर वेळी तो उघडताना मला बरं वाटतं.

खात्रीसाठी आधी उत्तर माहीत असलेली जोडी चालवली: पीई२५ आणि पीपीई४१. क्षयाच्या जंतूत पीई आणि पीपीई ही दोन मोठी घराणी आहेत. दोन्ही मिळून दीडशेच्या वर प्रथिनं, आणि त्यांतल्या बहुतेकांचं काम अजून नीट कळलेलं नाही. पीई२५ आणि पीपीई४१ यांची जनुकं डीएनएवर अगदी लागून आहेत. कॅलिफोर्नियातल्या लॉस एंजेलिस इथल्या डेव्हिड आयझेनबर्ग यांच्या गटाने अशा शेजारावरून आधी संगणकावर अंदाज बांधला आणि मग प्रयोग केला. एकटं एकटं बनवलं तर ही प्रथिनं विरघळलेल्या स्थितीत राहत नव्हती. दोन्ही एकाच पेशीत एकत्र बनवली तेव्हा राहिली. २००६ मध्ये त्यांची एकत्र रचना प्रसिद्ध झाली: एकाची दोन सर्पिलं, दुसऱ्याची पाच, एकमेकांना लांबीभर लागलेली. मला हे फार भावतं. जोडीदाराशिवाय ज्याला आपला आकारही धरता येत नाही, असं प्रथिन.

माझा निकाल उत्तम आला. निळी घरं गडद, आकडा वरचा. मी मॅडमना दाखवायला धावले. त्यांनी एवढंच विचारलं, "ही रचना २००६ पासून सगळ्यांसाठी खुली आहे. अल्फाफोल्ड कशावर शिकलं?"

शिकवणीत आलेलंच गणित परीक्षेत आलं होतं. ते सुटलं यात नवल काही नव्हतं.

मग उलटं करून पाहिलं. पीईंची जोडी मुद्दाम चुकीच्या पीपीईंशी लावली. एका घराण्यातली भावंडं सारखीच दिसतात, त्यामुळे काही चुकीच्या जोड्यांनाही चांगले गुण मिळाले. बोहल्यावर कोणीही उभा केला तरी लग्न लागत होतं. इथे मला तो साक्षीदारांचा हिशेब पुन्हा आठवला. अल्फाफोल्ड हजारो जातींमधली त्याच प्रथिनाची रूपं एकाखाली एक मांडतं आणि कोणती अमिनो आम्लं जोडीने बदलली ते बघतं. आणि स्ट्रिंगचा शेजाराचा पुरावा येतो तोही त्याच जातींच्या, त्याच जनुकसंचांतून. स्ट्रिंग म्हणालं 'नातं आहे' आणि अल्फाफोल्ड म्हणालं 'बसतंय', तर मी दोन साक्षी झाल्या असं धरत होते. पण दोघंही एकाच गावचे. वहीतल्या शेवटच्या रकान्यात मी बऱ्याच जोड्यांपुढे तसं लिहिलं: दोन्ही पुरावे एका मुळाचे.

चारशेहून जास्त जोड्या चालवल्या. फुकटच्या जीपीयूवर (वेगाने गणित करणाऱ्या चिपवर) दोन्ही मिळून हजार-बाराशे अमिनो आम्लांच्या पुढे गेलं की मेमरी पुरत नसे, म्हणून मोठ्या जोड्या संस्थेच्या क्लस्टरवर रांगेत लावायच्या आणि पहाटे उठून बघायच्या. पेशीच्या आवरणात रुतलेली प्रथिनं मी सरळ वगळली. त्यांच्याबाबत आलेल्या आकड्यांवर माझा विश्वास बसेना. सगळ्या चाळण्यांतून खाली चार जोड्या उरल्या. काम अजून चालू आहे, म्हणून त्यांची नावं इथे लिहीत नाही.

खालच्या मजल्यावरच्या लॅबमधली मैत्रीण त्या तपासायला तयार झाली. जिवंत क्षयजंतूंवर काम करायचं तर खास बंदिस्त प्रयोगशाळा लागते, पण सुटी प्रथिनं ई. कोलाय या लॅबमधल्या नेहमीच्या जंतूमध्ये बनवून घेता येतात. जोडीतल्या एकाला हिस्टिडिनची शेपटी लावायची, दुसऱ्याला काहीच नाही. दोन्ही एकत्र बनवून निकेलच्या मण्यांवरून सोडायची. शेपटीवालं मण्यांना चिकटतं. दुसरं त्याला खरंच धरून असेल, तर तेही थांबतं. नसेल तर वाहून जातं. शेवटी प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी करणाऱ्या जेलवर निळ्या रंगात पट्ट्या बघायच्या, एका प्रथिनाची एक.

मी पहिल्यांदाच हे शेजारी उभं राहून पाहिलं. दोन वर्षं ज्याला मी ठिपका म्हणत होते, ते एका बारक्या नळीत, थोडं गढूळ, बर्फात खोचलेलं. तिने नळी उजेडात धरून मला दाखवली. "अगं, थरथरू नकोस, सांडशील," म्हणाली.

पहिल्या जोडीची एकच पट्टी आली, दुसरं प्रथिन वाहून गेलं होतं. दुसरीच्या दोन पट्ट्या आल्या आणि आम्ही दोघी हरखलो. पण तिने शिस्तीप्रमाणे बिनशेपटीचं प्रथिन एकट्यानेही मण्यांवरून सोडलं होतं, आणि ते एकटंही चिकटत होतं. म्हणजे ते जोडीदाराला नाही, निकेललाच धरून होतं. ती जोडी बाद. चौथीचं एक प्रथिन बनतच नव्हतं.

तिसरीच्या जेलचा फोटो तिने रात्री सव्वाअकराला व्हॉट्सअॅपवर पाठवला. दोन पट्ट्या, हव्या त्या जागी. शेजारच्या लेनमध्ये बिनशेपटीचं प्रथिन एकटं सोडलेलं, आणि तिथे काहीच नाही. कोरी लेन. मी फोटो मोठा करून त्या कोऱ्या लेनकडेच जास्त वेळ बघत राहिले. मग तिला फोन केला. पुन्हा करायचं, निदान दोनदा, आणि स्पर्शाच्या जागेचं एक अमिनो आम्ल बदलून ती पकड सुटते का तेही बघायचं, असं ठरलं. कोणतं आम्ल बदलायचं ते अल्फाफोल्डच्या मॉडेलवरून काढायला मी रात्रीच बसले. मॉडेलमध्ये एक ल्युसिन समोरच्या खाचेत नेमकं बसलेलं दिसतंय. त्याच्या जागी ऋण भाराचं अॅस्पार्टेट घातलं तर ते तिथे टिकायला नको.

हा बदल जनुकात घडवायला लागणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांची, म्हणजे प्रायमरची, ऑर्डर सोमवारी गेली. वहीत तिसऱ्या जोडीपुढचा शेवटचा रकाना मी अजून पेन्सिलीनेच भरलाय.